भाचा समुद्रघोडे वाढवतो, हे स्थळांना सांगायचं कसं?

चिपळूणहून एका आत्यांचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून सांगायचं तर मामला असा. देवगडकडच्या भावाचा मुलगा, वय २९. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढे ऑस्ट्रेलियातल्या तास्मानियात मत्स्यसंवर्धन शिकला आणि गेली चार वर्षं तिथेच समुद्रघोड्यांच्या एका हॅचरीत नोकरीला आहे. तिथे समुद्रघोडे टाकीत जन्माला घालून वाढवतात आणि मत्स्यालयांना विकतात. घरच्यांनी आजवर ‘तो ऑस्ट्रेलियात मरीन रिसर्चला आहे’ असं सांगून वेळ मारून नेली. दोन स्थळं ‘म्हणजे नक्की काय करतो?’ या प्रश्नाशी अडली. आता त्याने कळवलं आहे की वर्षभरात परत येऊन देवगडलाच स्वतःची समुद्रघोड्यांची हॅचरी काढणार. वडील निवृत्तीची सगळी रक्कम द्यायला तयार आहेत, कमी पडले तर कलमांची एक बाग विकायलाही. आई डोळ्यांना पदर लावून बसली आहे. ‘तो तुझंच ऐकतो, तूच त्याला या वेडातून बाहेर काढ’ म्हणून सगळ्यांनी हे काम आत्यांच्या गळ्यात घातलं आहे. आत्या विचारतात: ‘त्याचं मन न दुखावता त्याला धड नोकरीकडे कसं वळवू?’

ताई,

तुमच्या सहा पानांत ‘वेड’ हा शब्द नऊ वेळा आला आहे, मी मोजला. ‘कायदा’ हा शब्द एकदाही नाही. तेव्हा उत्तर जरा लांबेल. निम्म्यावर आल्यावर तुम्हाला वाटेल मी भाच्याची बाजू घेते आहे, आणि पुढे गेल्यावर वाटेल वहिनींची. दोन्ही खरं असेल.

आधी ती नोकरी काय आहे ते बघू, कारण पत्रावरून वाटतं की घरात कुणी त्याला ते नीट विचारलेलंच नाही. पगार किती, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

समुद्रघोडा हा मासाच. कल्ले आहेत, पर आहेत, फक्त खवल्यांच्या जागी हाडांच्या कड्या. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेलं पोटात थांबत नाही, म्हणून तो दिवसभर खात राहतो. पिल्लांचं तर विचारूच नका. बाळंतिणीच्या खोलीत दर दोन तासांनी जी धावपळ असते ती इथे शेकडो बाळांसाठी रोज चालते. ही बाळं होतात बापाला. मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि मोकळी होते. पुढचे तीन-चार आठवडे दिवस राहिलेला असतो तो, कळाही तोच देतो. एका खेपेला काहीशे पिल्लं बाहेर पडतात. मोकळ्या समुद्रात त्यातली मोजकीच मोठी होतात. हॅचरीत जास्तीत जास्त जगवणं हे तुमच्या भाच्याचं काम.

ते सोपं नाही. नखाएवढी पिल्लं पाण्याच्या वर येऊन हवा गिळतात आणि मग बुचासारखी तरंगत राहतात. त्यांना खाली जाता येत नाही आणि ती उपाशी मरतात. त्यांना जिवंत, हलणारंच खाणं लागतं. म्हणून आधी हिरवं शेवाळाचं पाणी करायचं, त्या पाण्यावर रोटिफर आणि कोपेपॉड हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढवायचे. आर्टेमिया या कोळंबीच्या जातीच्या इवल्या जिवाची अंडी खाऱ्या पाण्यात घातली की साधारण चोवीस तासांत फुटतात. ती ज्या त्या दिवशीच फोडायची, वर त्यातून निघालेल्या जिवांना स्निग्ध पदार्थ खाऊ घालायचे, म्हणजे ते समुद्रघोड्याच्या पिल्लांच्या अंगी लागतात. पिल्लं मोठी झाली की त्यांना गोठवलेला मायसिस, म्हणजे एक प्रकारचा बारीक कोळंबीसारखा जीव, खायला शिकवायचा. न हलणारी वस्तू हे खाणं आहे हे समुद्रघोड्याला मुळात कळतच नाही. समुद्रातून पकडून आणलेले समुद्रघोडे लोकांच्या घरच्या टाकीत उपाशी मरतात ते बऱ्याचदा यामुळेच. ही शिकवणी ज्याला जमली त्याच्या मालाला किंमत येते. उरलेल्या वेळात टाक्या सायफन करायच्या, पाणी तपासायचं, आजारी जीव क्वारंटाइन टाकीत वेगळा काढायचा. दिवाळीलाही सुट्टी नाही, कारण माशांना दिवाळी कळत नाही.

हे चार वर्षं टिकून करणाऱ्या मुलाला तुम्ही ‘धड नोकरी नाही’ म्हणता आहात, ताई. तो निम्मा सुईण आहे आणि निम्मा स्वयंपाकी.

जगात या प्राण्यावर अख्खी हयात घालवलेली माणसं आहेत आणि ती रस्त्यावर आलेली नाहीत. अमांडा व्हिन्सेंट या कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंनी समुद्रात बुडी मारून समुद्रघोड्यांचा अभ्यास करायला सुरुवात केली तेव्हा तसं आधी कुणी केलेलं नव्हतं. १९९६ साली त्यांनी ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ ही संस्था उभी केली आणि २०२० साली त्यांना प्राणिसंवर्धनासाठीचा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला. तुमचा भाचा अमांडा व्हिन्सेंट होईल असं मी म्हणत नाही. ‘यात करिअर असतं तरी का?’ या तुमच्या तिसऱ्या पानावरच्या प्रश्नाला हे उत्तर, इतकंच.

आता स्थळांचं. दोन्ही वेळा बोलणी ‘नक्की काय करतो?’ इथे अडली आणि तुम्ही दोष समुद्रघोड्यांना देता आहात. मला वाटतं दोष ‘मरीन रिसर्च’चा आहे. मुलीकडच्यांनी सरळ प्रश्न विचारला आणि तुमच्याकडून गुळमुळीत उत्तर गेलं. अशा वेळी समोरच्याला समुद्रघोडा दिसत नाही, काहीतरी लपवलेलं दिसतं. माझे एक मामा सापांचं विष काढायच्या कामावर होते. आजी लग्नाच्या बाजारात ‘औषधाच्या कारखान्यात आहे’ एवढंच सांगायची. तीन ठिकाणी मोडलं. चौथ्या ठिकाणी मामांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं आणि मुलीने ‘चावला तर?’ एवढं एकच विचारलं. त्या माझ्या मामी. तुम्ही सांगा: मत्स्यशास्त्राचा पदवीधर आहे, समुद्रघोड्यांच्या हॅचरीत पिल्लांचं बघतो. हसायचं त्यांना हसू दे. समुद्रघोड्यांच्या कित्येक जातींत जोडीदार रोज सकाळी भेटतात, रंग बदलतात, शेपट्या गुंफून पोहतात, हेही सांगून टाका. मुलगी ऐकत असेल तर उपयोग होईल.

इथवर मी भाच्याच्या बाजूची. आता देवगड.

तुमच्या भावाला आणि वहिनींना जे भय वाटतं आहे त्याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण ते आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. इमू. २०१० च्या आसपास गावोगाव इमूपालनाचं खूळ आलं होतं. तेल विकेल, मांस विकेल, अंड्याला सोन्याचा भाव येईल. पुढे पक्ष्यांना दाणा घालायला पैसे उरले नाहीत आणि लोकांनी इमू सोडून दिले. मग २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं. ही दोन नावं घेतली की घरातलं कुणीही म्हणणार, बघा, विचित्र धंद्याचं असंच होतं. पण त्या धंद्यांत विचित्र काय होतं? कोंबडी काय विचित्र आहे? तिथे पिल्लं विकणाराच ‘वाढवून द्या, आम्हीच परत घेऊ’ म्हणत होता, आणि शेवटी ते मांस किंवा अंडं पैसे मोजून खाणारा माणूस कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. भाच्यालाही हाच प्रश्न विचारायचा: तुझा समुद्रघोडा शेवटी कोण विकत घेणार?

आणि इथे उत्तर असं आहे की भारतात तो कुणालाच विकता येत नाही.

२००१ सालापासून समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले नळीमासे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. तमिळनाडूकडे, पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात, ते पकडून वाळवून परदेशी औषधांसाठी पाठवायचा मोठा धंदा चालायचा. त्याला आळा म्हणून हे झालं. पकडणं, जवळ बाळगणं, विकणं हे सगळं गुन्हा आहे आणि शिक्षा तुरुंगापर्यंत जाते. ‘हा माझ्या टाकीत जन्मलाय, समुद्रातून आणलेला नाही’ असं म्हणून सुटका होत नाही. देशाबाहेर पाठवायचा तर ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधनही आहे. त्या यादीत सगळे समुद्रघोडे २००४ पासून आहेत. तास्मानियात त्याचे मालक परवाने काढून बिनबोभाट निर्यात करत असतील, कारण तिथला कायदा टाकीत वाढवलेल्या जिवाला तशी वाट देतो. चार वर्षं त्या वातावरणात राहिलेल्या मुलाला आपल्याकडे ती वाट नाही हे ध्यानात आलं नसेल, किंवा ‘परवाना काढू’ असं त्याने गृहीत धरलं असेल. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रघोडे टाकीत वाढवून संशोधन झालेलं आहे. ते सरकारी संस्थेचं काम. पडवीत टाक्या मांडून मुंबईच्या ॲक्वेरियमवाल्यांना माल पाठवणं ही निराळी गोष्ट.

त्यामुळे पहिलं काम: पैशाचं, बागेचं, लग्नाचं काहीही बोलण्याआधी त्याला वनविभागाकडे लेखी विचारायला लावा. तोंडी नको. ‘साहेब म्हणाले होईल काहीतरी’ यावर कोकणात किती बंगले अर्धवट उभे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

समजा, उद्या कायद्याने वाट दिली. तरी दुसरी अडचण राहतेच आणि ती त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळेल. तास्मानियात जो वाढवतात तो बहुधा तिकडचा ढेरपोट्या समुद्रघोडा, आकाराने मोठा आणि थंड पाण्यातला. देवगडचं पाणी उन्हाळ्यात हाताला कोमट लागतं. म्हणजे एक तर चिलर लावून रात्रंदिवस पाणी गार ठेवायचं, नाहीतर इकडच्या उष्ण पाण्यातली जात घेऊन पिल्लांचं खाणं, आजार, वाढ सगळं नव्याने शिकायचं. आणि विजेचं काय? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किती दिवस लाइट नव्हती, ते भावाला आठवत असेल. हवेचा पंप बंद पडला की भरलेल्या टाकीला काही तास पुरतात. जनरेटर, त्याचं डिझेल, दुसरा जनरेटर, आणि रात्री दोनला उठून तो चालू करणारा माणूस, हे त्याच्या हिशेबाच्या कागदावर आहे का? कागद आहे का, हाच मुळात प्रश्न. नसेल तर मागा. मर किती धरली आहे, पहिली विक्री कितव्या महिन्यात, गिऱ्हाइकांची नावं काय, तोवर घरखर्च कोण चालवणार, हे एका पानावर मावतं.

तुम्ही लिहिता की तो म्हणतो, ‘आम्ही टाकीत वाढवतो म्हणून समुद्रातले वाचतात.’ हे त्याचं म्हणणं खोडू नका, पण जसंच्या तसं मानूही नका. हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे आता समुद्रातून ओढून आणलेल्यांची जागा हॅचरीतल्यांनी बरीच घेतली आहे. पण समुद्रघोड्यांचा खरा काळ म्हणजे ट्रॉलरची जाळी. एकवीस देशांचा अंदाज घेतला गेला तेव्हा इतर मासळीबरोबर वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे जाळ्यात येतात असा आकडा निघाला. त्यातले पुष्कळसे वाळवून औषधाच्या बाजारात जातात. देवगडच्या पडवीतल्या दहा टाक्यांनी तो आकडा हलणार नाही. त्याला खरोखर समुद्रघोड्यांसाठी काही करायचं असेल तर वाट संशोधनाची आहे, आणि त्यात बाबांची बाग लागत नाही.

मग काय करावं? माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची वाट म्हणजे त्याने आणखी दोन-तीन वर्षं तिथेच राहून हॅचरी चालवण्याचं, म्हणजे खरेदी-विक्रीचं आणि परवान्यांचं, काम शिकावं. तुम्हाला हे आवडणार नाही, कारण तुम्हाला तो परत हवा आहे. आईलाही हवा असेल. पण ‘परत ये’ आणि ‘हा धंदा करू नको’ या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या तर तो दोन्ही ऐकणार नाही.

त्याला यायचंच असेल तर त्याचे हात रिकामे नाहीत. क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला, ज्याच्यासाठी मुलं ॲक्वेरियमच्या काचेला नाक लावून उभी राहतात, तो उष्ण पाण्यातला मासा आहे. तो टाकीत वाढवायचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विझिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत बसवलेलं आहे. त्याच्याही पिल्लांना आधी रोटिफर लागतात आणि मग आर्टेमिया, म्हणजे तुमच्या भाच्याच्या हातातली निम्मी विद्या जशीच्या तशी उपयोगी. (यांच्याही घरातलं राजकारण निराळंच: जन्मतात सगळे नर, आणि टोळीत जो वरचढ होतो तो मादी बनतो. वहिनींना एवढ्यात सांगू नका.) गोड्या पाण्यातले शोभेचे मासे त्याहून सोपे, भांडवलही कमी; पण त्यात स्पर्धा खूप आणि त्याचं मन त्यात रमेल असं मला वाटत नाही. रत्नागिरीला शिरगावच्या महाविद्यालयात त्याचे जुने सर असतील, झाडगावला कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे. सुट्टीत आला की पहिल्या आठवड्यात तिथे जाऊन यावं, देवदर्शनाच्याही आधी.

अनुदानाबद्दल तुमच्या भावाने कुठेतरी वाचलं आहे असं दिसतं. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या प्रकल्पांना सर्वसाधारण गटात ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. सध्या अर्ज घेताहेत का, अटी काय, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. पण अनुदानावर नजर ठेवून उभा केलेला धंदा मी अजून तरी चाललेला पाहिलेला नाही.

बागेबद्दल मात्र मी आडपडदा ठेवणार नाही. बाग विकायची नाही. भावाच्या निवृत्तीच्या पैशातून द्यायचंच असेल तर बुडाले तरी म्हातारा-म्हातारीच्या औषधपाण्याला धक्का लागणार नाही इतकेच, आणि तेही भाच्याने आपल्या बचतीतून तेवढेच घातल्यावर. चार वर्षं ऑस्ट्रेलियात नोकरी केलेल्या मुलाची स्वतःची पुंजी किती, हा प्रश्न आपल्या घरांत विचारायला लाजतात आणि बाप खिशात हात घालतो. विचारा. हे मी समुद्रघोड्यांपुरतं म्हणत नाही. मशरूम, मोती, मध, ड्रॅगन फ्रूट, काहीही घेऊन मुलगा घरी आला तरी आधी त्याचे पैसे, मग बाबांचे, आणि जमीन कधीच नाही. ज्यांच्या घरी सध्या अशीच बोलणी चालू आहेत त्यांनी हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

राहता राहिल्या तुम्ही. ‘तो तुझंच ऐकतो’ असं म्हणून घरच्यांनी तुम्हाला पुढे केलं आहे. तो तुमचं ऐकतो, कारण आजवर तुम्ही त्याला कुणाचा निरोप पोचवलेला नाही. आता पोचवलात की तेही संपेल. भावाला स्पष्ट सांगा, पैशाचं आणि बागेचं तू आणि तो समोरासमोर बोला, मी मध्ये नाही. लग्नाचं त्याच्या आईने त्याला विचारावं, आणि मुळात त्याला आत्ता करायचं आहे का, इथून सुरुवात करावी. सहा पानांत त्याचं मत कुठे दिसलं नाही मला. तुमच्याकडे मी एकच काम देते, कायद्याचा प्रश्न त्याच्या कानावर घालण्याचं. तेही ‘बघ, मी म्हणत होते ना’ या सुरात नको. ‘अरे, आपल्याकडे याला बंदी आहे असं वाचलं, तुला माहीत आहे का?’ असं. माहीत असेल तर तो तुम्हाला चार गोष्टी सांगेल. नसेल तर बराच वेळ गप्प बसेल. बसू द्या.

आणि त्याआधी एकदा त्याला कामावर असताना व्हिडिओ कॉल करा. तास्मानियाचं घड्याळ त्यांच्या हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेपाच. त्यांची दुपारच्या खाण्याची वेळ म्हणजे तुमची साधारण अकराची, कुकर लावून झाल्यावरची. कुठल्या टाकीतला बाप आता भरत आलाय, ते दाखव म्हणावं.